डाग आतल्या घडीत

५ जानेवारी, रविवार

आले एकदाची अहमदपूरला. पुस्तकांची सात खोकी काल टेम्पोने पुढे आली होती, मी आज सकाळच्या एसटीने. बदली शिक्षा म्हणून झाली, असं नांदेडचे सहकारी म्हणतात. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या आवडत्या महाराजांच्या ढोंगावर मी अध्यक्षांच्याच व्यासपीठावरून चाळीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या, आणि पंधरा दिवसांत पत्र आलं. असो. गाव बदललं तरी तोंड माझंच आहे.

घर छान आहे. पुढे गुरुपादप्पांचं किराणा दुकान, मागे त्यांचं राहतं घर, वर माझ्या दोन खोल्या आणि गच्ची. जिना त्यांच्या अंगणातून चढतो. एकवीस पायऱ्या, मी मोजल्या. गच्चीवरून धान्याच्या मोंढ्याचे पत्रे दिसतात आणि नव्या तुरीचा वास वरपर्यंत येतो. गुरुपादप्पा फार बोलत नाहीत. ती कसर त्यांच्या पत्नी भरून काढतात. दानम्मा त्यांचं नाव, वय साठीचं, अंगाने ठेंगण्या, आवाज मात्र दुकानापलीकडे जाणारा. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. माझी खोकी बघून म्हणाल्या, पुस्तकं लई अन् भांडी तीनच, मॅडम तुम्ही शिजवून खाता का वाचून? सून शिवकन्या जिन्यात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. आठवडाभर आधी आला असता तर येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी खाल्ली असती, असं अक्का तीनदा म्हणाल्या. तेवढ्यावर थांबल्या नाहीत, रात्रीची भाकरी-वांगं वर पाठवलं.

एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवते. शुक्रवारी नांदेडला डाव्या स्तनातल्या गाठीचा सुईने तुकडा काढला. तपासणीला गेलाय. गावोगाव बायकांना सांगत फिरते, ‘लाज सोडा, गाठ दाखवा’, आणि स्वतःची दाखवायला मला चार महिने लागले. लेकीला, तनुजाला, सांगितलेलं नाही. नांदेडला होस्टेलवर आहे, पंचवीस तारखेपर्यंत तिचे पेपर आहेत.

लोह्याच्या पुढे रस्ता खराब आहे. गाडी आदळली आणि पट्टीखालून रक्ताचं ओलं लागलं. हाताशी दुसरं काही नव्हतं. पिशवीत बजरंगचा, माझ्या नवऱ्याचा, चहाचा कप होता, तो मी एका जुन्या खणात गुंडाळला होता. बजरंग जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या आधी कुणी तरी ओटीत घातलेला हिरवा खण, लाल काठाचा. तोच सोडून ब्लाऊजच्या आत दाबून धरला. आल्यावर मिठाच्या पाण्यात भिजत घातला.

९ जानेवारी, गुरुवार

रिपोर्ट आला. कर्करोगच आहे. दोन पूर्णांक सात सेंटिमीटर, डावीकडे, घड्याळात दोन वाजताना काटा असतो त्या जागी. हे लोक जागा घड्याळानेच सांगतात. डॉक्टरबाई फोनवर शांतपणे बोलल्या. वेळेत सापडलंय, २७ तारखेला ऑपरेशन करू, पुढचं पुढे बघू.

मी घाबरलेले नाही. घाबरायचं काय आहे? शरीर आहे, शास्त्र आहे, रस्ता आहे. आज दोन तास घेतले. मुलं चांगली आहेत, पहिल्या बाकावरच्या मुली प्रश्न विचारतात.

खणाचा डाग गेला नाही. रुपयाएवढा, तपकिरी, फिका.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. आज जे झालं ते नीट लिहिते.

अंगणात अक्कांचं हळदीकुंकू होतं. मी वरच थांबले. इथे एक कबुली देते. विधवांना हळदीकुंकवाला बोलवा म्हणून मी शंभर भाषणं दिली असतील. पण प्रत्यक्ष करंडा फिरायला लागला की मला कुठलं तरी काम आठवतं आणि मी उठते. नऊ वर्षं.

अक्का ताट घेऊन जिना चढून वर आल्या. हाताला धरून मला खाली नेलं आणि सगळ्यांच्या मधोमध पाटावर बसवलं. त्यांच्या थोरल्या जाऊबाई पार्वतम्मा मोठ्याने म्हणाल्या, दानम्मे, मॅडमच्या कपाळाकडं बघितलीस का? अक्कांनी ओंजळीतले तांदूळ खाली सांडू दिले नाहीत आणि आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, नवरा गेला, ओटी कुठं गेली? ओटी बाईची असती, नवऱ्याची न्हाई. आणि माझ्या पदरात तांदूळ, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, नवा खण, सगळं घातलं. इतकी पुस्तकं वाचली, हे वाक्य एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

मग म्हणाल्या, आता माझी भरा. विधवेच्या हाताने सवाष्णीची ओटी. मी धावत वर आले. अक्कांचाच खण अक्कांना कसा द्यायचा? ट्रंकेतले बाकीचे खण कसरीने खाल्लेले. धुतलेला, इस्त्री केलेला असा एकच होता. तो हिरवा.

डाग मला दिसला. दिसला नाही असं मी लिहू शकत नाही. मी डाग आतल्या घडीत घातला, वरून हात फिरवला आणि खाली गेले.

अक्कांनी पदर पसरला. मी खण, नारळ, तांदूळ घातले. पार्वतम्मा म्हणाल्या, ह्या गावात एकच खण हाय बाई, त्योच घरोघर फिरून राहिला, फिरत फिरत पुढच्या संक्रांतीला माझ्याकडंच येतोय बघ. सगळ्या हसल्या. अक्का नाही हसल्या. खण छातीशी धरून म्हणाल्या, ह्यो मी न्हाई फिरवणार. ह्यो माझा.

१९ जानेवारी, रविवार

आंघोळ करताना नेहमीसारखा हात गेला. गाठ लहान वाटली. मऊसुद्धा. आधी चिंचोक्यासारखी टणक होती.

सूज उतरली असेल. सुईने आत थोडी सूज येतेच.

२४ जानेवारी, शुक्रवार

नांदेडला जाऊन आले. ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी तीन वेळा मोजलं, मग मशीन बदललं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. एक पूर्णांक एक.

उपचाराशिवाय गाठ आक्रसल्याच्या नोंदी आहेत, पण हजारोंत एखादी, असं त्या म्हणाल्या. का आक्रसते ते कुणाला नीट माहीत नाही. त्यावर भरवसा ठेवायचा नसतो, सोमवारी ऑपरेशन करायचंच. मी म्हटलं, महिनाभर थांबू. त्या रागावल्या. तुम्हीच भाषणं देता ना मॅडम, असं विचारलं. थांबण्याची जबाबदारी माझी, अशी सही करून मी बाहेर आले.

बाहेर गाड्यावरून अर्धापूरची डझनभर केळी घेतली आणि चार तिथेच उभ्याने खाल्ली. इतकी भूक कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

२ फेब्रुवारी, रविवार

अक्का कपाटातली पातळं उन्हात घालत होत्या, मी घड्या करू लागले. त्यांचा डावा हात वर जाईना. आठ दिवस झाले, जड पडलाय, संक्रांतीला तिळाचे लाडू वळले त्याचंच असंल, म्हणाल्या. मग देवघराच्या फळीवरून एक कापड काढून मला दाखवलं. बघा, तुमचा खण, शिवला न्हाई अजून, गुढीपाडव्याला शिवणार हाय.

डाग बाहेरच्या घडीवर आला होता. रुपयाएवढा नव्हता, तळहाताएवढा होता. अक्कांना दिसत होता की नाही, कळलं नाही. कापडाला दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास होता. देवघरात, कापूर आणि विभूतीच्या मधोमध, स्पिरिटचा वास.

मी घडी उलटी केली आणि हसून परत दिला.

३ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार करू. साठीच्या बाईचा हात दुखतो. कापडावरचा जुना डाग हवेत पसरतो. माझी गाठ ज्या कारणाने आक्रसते ते कारण शास्त्राला अजून सापडलेलं नाही, एवढंच. दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. हे मी बारावीच्या मुलांना शिकवते.

खण परत मागायचा म्हणजे हे मानायचं. मी मानत नाही. म्हणून मागत नाही.

हे लिहून बरं वाटायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाठ नाही. बोटं फिरवून फिरवून थकले. सुईची खूण होती, बारीक, तांबूस. तीही नाही. कातडी कोवळ्या पोरीसारखी.

खाली शिवकन्या अक्कांच्या ब्लाऊजची डावी बाजू उसवून देत होती. घट्ट व्हायलंय, म्हणाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या शिवरात्र. अक्का लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला निघाल्यात, माझ्या नावाने बेल वाहणार आहेत. मॅडम, तुम्ही मानत न्हाई, पर देवाला तुमचं नाव सांगायला काय जातंय, असं म्हणाल्या. मी वर येऊन तोंडावर उशी धरून रडले.

एक वाक्य बोलायचं होतं. अक्का, डॉक्टरला दाखवा. खणाचं सोडा, ते मी मानत नाही. पण हे तर मी मानते ना? हेच वाक्य मी किनवटच्या जंगलातल्या पाड्यांवर माईकशिवाय ओरडून सांगितलंय. एकवीस पायऱ्या उतरून सांगता येईना. दाखवलं तर कळेल. कळलं तर खरं होईल. आणि खरं झालं तर मला ते परत—

८ मार्च, शनिवार

कॉलेजात महिला दिन. माझं भाषण. मी बोलले, आणि देवाशपथ, चांगलं बोलले. देवाशपथ! मी असं कधी लिहीत नाही. ‘लाज सोडा, गाठ दाखवा’ म्हटलं तेव्हा तीनशे बायकांनी मागून म्हटलं. अक्का पहिल्या रांगेत, डावा हात मांडीवर मुडपलेला.

संपल्यावर मला बाजूला नेलं. कानाशी म्हणाल्या, मॅडम, गाठ दुखत नसली तर काय नसतंय ना? कुणाला बोलले न्हाई, तुम्हालाच बोलून राहिले.

मी काय म्हणाले ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, बहुतेक गाठी साध्याच असतात अक्का, पाडव्यापर्यंत बघू.

वाक्य खरं आहे. बहुतेक गाठी साध्याच असतात. मी खरं बोलून एका बाईला मरायला पाठवलं.

१७ मार्च, सोमवार

शिवकन्याच शेवटी सासूला लातूरला घेऊन गेली. मला न विचारता. आठवी शिकलेली पोर, आणि मी—

रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून वर आणला. मॅडम वाचून सांगा. मी मोठ्याने वाचला. दोन पूर्णांक सात. डावीकडे. दोन वाजताच्या जागी. माझा ड्रॉवरमध्ये आहे. शब्द तेच, क्रम तोच. फक्त नाव वेगळं.

शिवकन्या म्हणाली, डॉक्टरानं सुई घालायच्या आधी आत्याबाईंना विचारलं, ह्याच्या आधी कुठं तुकडा काढला होता? भरलेली जुनी खूण हाय. आत्याबाईंना आयुष्यात कुणी सुई लावली न्हाई मॅडम, दवाखान्यात बाळंत पण झाल्या न्हाईत.

ती खूण माझी आहे.

२ एप्रिलला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, फार भराभर वाढतंय. बगलेत गेलंय.

२० मार्च, गुरुवार

सगळं सांगितलं. खाली जाऊन, दार लावून. एसटी, रक्त, घडी. डाग आत घातला ते. आठ मार्चला काय बोलले ते आणि का बोलले ते. पायावर डोकं ठेवलं.

अक्का हसल्या! एवढी शिकलेली बाई अन् असलं बोलती, म्हणाल्या. गाठ काय खणातून जाती का? तुम्हीच भाषणात सांगता ना? तुमचं बरं झालं, ते आधी का सांगितलं न्हाई, मी पेढे वाटले असते की.

पेढे.

मी म्हटलं, खण परत द्या. ओटीत घेतलेलं परत देत न्हाईत, म्हणाल्या. मी हात जोडले. शेवटी म्हणाल्या, बरं, पाडव्याला वर येऊन मी तुमची ओटी भरते, त्योच खण घालते, मग तर झालं? तुमच्या जिवाला बरं वाटू द्या.

फक्त माझ्या समजुतीसाठी. त्यांना काहीच वाटत नाही. मला मात्र ठाऊक आहे. पदर पसरला की ते माझ्याकडे येईल, आणि त्या सुटतील. माझं होतं, माझ्याकडे येईल. न्याय आहे. मी न्यायाची बाजू घेणारी बाई आहे.

२४ मार्च, सोमवार

दिवसातून दहा वेळा हात फिरवते. काही नाही. स्वच्छ. हे शरीर मला हवंय. इतकं हवंय हे माहीत नव्हतं.

फणीला गळलेला केस लागत नाही. कॉलेजात म्हणतात, मॅडम तुम्ही लई खुलल्या.

अक्का भिंत धरून चालतात.

२८ मार्च, शुक्रवार

ते परत आलं तर २.७ नसेल. त्यांच्याकडे वाढलंय. बगलेतलंही माझंच होईल. म्हणजे ऑपरेशनने भागणार नाही, म्हणजे—

तनुजाचा फोन. पाडव्याला येते, दहाला पोचणाऱ्या एसटीने, नवी ओढणी घेतलीय. मला काय आणू विचारत होती. काही नको म्हणून मी फोन ठेवला.

पदर पसरायचा. एवढंच. इतकंच तर आहे.

२९ मार्च, शनिवार

खाली गेले होते. खण ताटात काढून ठेवलाय. डाग नाही आता— सगळाच तपकिरी— हिरवा कुठेच नाही. पार्वतम्मा शेजारी बसल्या होत्या, त्यांना हिरवा दिसतो. काय सुरेख रंग म्हणाल्या. मलाच फक्त—

उघडीन. उद्या दार उघडीन. लिहून ठेवते. सही करते. वर्षाराणी.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी साडेनऊ. आंघोळ झाली. नवं पातळ नेसले. गुढी गच्चीवर उभी केली, कडुनिंब बांधला, पानं चावून थुंकले.

अक्का जिना चढतात. एक पायरी, थांबतात. एक पायरी. ताटातली वाटी वाजते. मी मोजते आहे. सात.

दहा. धाप ऐकू येते. शिवकन्या खालून ओरडली, मी देते की नेऊन आत्याबाई. त्या म्हणाल्या, न्हाई, मीच भरणार, शब्द दिलाय.

तेरा—

मी कडी लावली. कडी लावायची नव्हती. हात गेला. माझाच हात.

एकवीस. दारावर थाप. मॅडम, उघडा की, खण आणलाय.

मी पेन का धरलाय? उठायचं तर लिहिते का आहे? आयुष्यभर हेच केलं. जिथे हात लावायचा तिथे शब्द. उठ. उठ, वर्षाराणी. एक पाऊल—

पुन्हा थाप. आंघोळीला गेल्या वाटतं, अक्का स्वतःशीच म्हणाल्या. बसल्या पायरीवर. बसू देत. थोडा वेळ. मी उघडतेच. हे वाक्य संपलं की—

खाली आवाज. फाटक. चपला. भराभर जिना. दहाची एसटी लवकर कशी—

आई दार उघड ना, किती वेळ! अक्का म्हणतात, अगं, मॅडमची लेक का तू, केवढी मोठी हाईस, आई आंघोळीला हाय. माझ्याच्यानं पुन्हा चढणं व्हायचं न्हाई गं. कुमारिकेची बी ओटी भरतात. आईचीच ठेव हाय, घे तू, धर ओढणी—

नाही

तनुजा हसते. म्हणते, कसला सुंदर हिरवा आहे हो आजी

कडी— कडी मीच लाव— निघत नाही— अक्का नको— तांदळाचा आवाज, ओढणीत तां